पहिली रेनेसाँ ल्यूट घ्यायची आहे: सहा कोर्स की आठ, नवी की जुनी?

सप्तक_लीड्स

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, सध्या मुक्काम लीड्स. क्लासिकल गिटार बरीच वर्षं वाजवतोय आणि अलीकडे जॉन डाउलंडशिवाय (सोळाव्या-सतराव्या शतकातला इंग्रज ल्यूटवादक आणि रचनाकार) दुसरं काही वाजवावंसं वाटत नाही. गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवून तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की ल्यूटचं (गोल पाठीचं, जोडतारांचं जुनं युरोपीय वाद्य) टॅब्लेचर, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारी लिपी, थेट वाचता येतं, आजवर तसंच चाललंय. पण नुकतीच एका चर्चमध्ये खरी ल्यूट अगदी जवळून ऐकली. जोडतारांचा तो आवाज गिटारमधून काही केल्या निघणार नाही. आता ल्यूट घ्यायचीच.

बजेट दोन हजार पौंड, ताणून थोडं वर. एका लिलावाच्या साइटवर 'जुनी जर्मन ल्यूट' अडीचशे पौंडांना आहे. कारखान्यात बनलेली नवी कोरी आठ-कोर्सची (कोर्स म्हणजे तारांची जोडी) सातशेला मिळतेय. आणि एका कारागिराला मेल केला तर त्यांच्याकडे दीड वर्षाची रांग आहे. शिवाय सहा, सात, आठ, दहा कोर्स यातलं काय घ्यावं यावर जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. इथे कोणी वाजवणारं आहे का?

तंतुमय

आहे! या विषयावर मराठीत धागा निघाला याचा फार आनंद झाला.

आधी त्या जर्मन ल्यूटबद्दल सांगा. तारा एकेरी आहेत की जोडीच्या? पडदे धातूचे ठोकलेले आहेत की दांडीला बांधलेले?

सप्तक_लीड्स

तारा सहा आणि एकेरी. पडदे धातूचे, गिटारसारखे. पाठ मात्र गोल, पट्ट्या जोडून केलेली, आणि आवाजाच्या छिद्रावरची जाळी सुरेख आहे. विकणारे म्हणतात अठराव्या शतकातली असावी.

तंतुमय

मग ती ल्यूट नाही, लाउटेनगिटार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत वांडरफोगेल चळवळीतली तरुण मंडळी डोंगर-रानं तुडवत लोकगीतं गायची, त्या काळात ही वाद्यं तिथे भरपूर बनली. शरीर ल्यूटसारखं, पण दांडी, पडदे, ट्यूनिंग सगळं गिटारचं. गाण्याच्या साथीला छान वाद्य आहे. पण डाउलंडसाठी घ्याल तर हातात पुन्हा गिटारच येईल, फक्त मांडीवरून घसरणारी. युरोपातल्या जुन्या बाजारात 'ल्यूट' म्हणून स्वस्तात जे दिसतं त्यात बहुतेक हेच असतं. सोडून द्या.

सातशेवालीबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण ती दिसायला बरोबर असते. जोडतारा, मागे वळलेली खुंट्यांची पेटी, बांधलेले पडदे, सगळं जागच्या जागी. चूक असते ती जाडीत. चांगल्या रेनेसाँ ल्यूटची तबली (वरची फळी) जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास असते, आत आडव्या पट्ट्यांचा आधार, आणि पाठीच्या फाकाही तितक्याच पातळ. अख्खं वाद्य किलोभराच्या आत भरतं. पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक जण दचकतो, इतकं ते हलकं असतं. तारांवरचा ताण मुळात कमी, एका तारेला तीनेक किलो धरा, म्हणजे क्लासिकल गिटारच्या तारेच्या निम्म्याहून कमी. एवढ्याशा ताणाने हलेल अशी तबली असेल तरच ल्यूट बोलते. कारखान्यातल्या वाद्याला तबली जाड, लाकूड जड, वर चकचकीत लॅकर. मग आवाज बंद डब्यातून आल्यासारखा येतो, आणि वाजवणारा जोर लावू लागतो. ल्यूटवर जोर लावायची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

दुसरं म्हणजे मापं. नटवर (दांडीच्या टोकाची तारा टेकायची पट्टी) आणि घोडीवर (तबलीवरचा तारा बांधायचा तुकडा) जोड्यांमधलं अंतर इतकं चुकलेलं असतं की एक जोडी दाबताना शेजारची अडते, किंवा जोडीतल्या दोन तारा एकमेकींवर आपटतात. तारांची उंची आठव्या पडद्यापाशी तीनेक मिलिमीटर हवी, ती पाच-सहा निघते. लाकडी खुंट्या एक तर घसरतात नाहीतर अडकतात. दुरुस्तीला नेलंत तर खुंट्या, नट, घोडी बदलून कारागीर जे बिल देईल त्यात आणखी थोडी भर घातली की जुनी पण खरी ल्यूट येते. स्वस्त वाद्याने शिकणारा कंटाळतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. हे मी इतरांच्या बाबतीत इतक्यांदा बघितलंय की या मुद्द्यावर मी हटणार नाही.

ओवी_पुणे

+१. वाचतेय. हवामानाबद्दल मला बरंच लिहायचंय, रात्री लिहिते.

रेणुका_बाझल

कोर्सच्या प्रश्नावर मी लिहिते, कारण बाझलला आल्यापासून माझ्या घरात हाच वाद चालू असतो. (इथे स्कोला कांटोरुम आहे, १९३३ पासून जुनं संगीत शिकवणारी शाळा, त्यामुळे ट्राममध्येसुद्धा ल्यूटची केस पाठीवर घेतलेलं कोणी ना कोणी दिसतंच.)

इतर वाचकांसाठी: कोर्स म्हणजे एकत्र छेडायच्या तारांची जोडी. पहिला कोर्स बहुधा एकेरी असतो. म्हणजे सहा-कोर्सच्या ल्यूटला अकरा तारा, आठला पंधरा, दहाला एकोणीस.

सप्तक, वाद्य निवडू नका, संगीत निवडा. वाद्य आपोआप ठरतं. सोळाव्या शतकाचा बहुतेक सगळा काळ सहा कोर्सचा आहे. १५०७ मध्ये व्हेनिसला पेत्रुच्चीने स्पिनाचिनोची पुस्तकं छापली, ल्यूटसाठी छापलेली ती पहिली पुस्तकं, तिथपासून फ्रान्चेस्को दा मिलानोपर्यंत (१४९७-१५४३) आणि त्यानंतरही बराच काळ. फ्रान्चेस्कोच्या रिचेरकार आणि फान्तासिया (नुसत्या वाद्यासाठीच्या मुक्त रचना) सहा कोर्सवर जशा बसतात तशा दुसऱ्या कशावर बसत नाहीत. न्यूरेंबर्गच्या हान्स नॉयझिडलरने १५३६ मध्ये छापलेल्या पुस्तकात अगदी नवशिक्यांसाठी सोपे तुकडे आहेत आणि तरी ते सुंदर आहेत. स्पेनचा व्हिउएलाचा (गिटारच्या आकाराचं तिथलं वाद्य) सगळा खजिनाही मिळतो, कारण त्याचं ट्यूनिंग तेच.

शतक संपत आलं तसा खाली सातवा कोर्स आला, मग आठवा. डाउलंडच्या १५९७ च्या गाण्यांच्या पहिल्या पुस्तकात सातवा लागतो. दहा कोर्स म्हणजे सतराव्या शतकाची पहिली दशकं: पॅरिसचा बालार (१६११), अॅमस्टरडॅमचा व्हाले (१६१५), रोममध्ये काप्सबर्गर.

गिटारवाल्यांना वाटतं जास्त तारा म्हणजे जास्त सोय. तसं होत नाही. प्रत्येक वाढीव जोडीबरोबर दांडी रुंदावते, घोडी जड होते, तबलीवरचा ताण वाढतो, आणि न वाजवलेल्या तारा मागे गुणगुणत राहतात. सहा-कोर्सचं वाद्य मोकळं, थेट बोलतं. हाताला ल्यूटचा खरा स्पर्श शिकायचा असेल तर मी सहाच सांगेन.

खुंटी_पिळा

रेणुकाताई, आदर राखून असहमत. धागा काढणाऱ्याने पहिल्याच ओळीत डाउलंड म्हटलंय. त्याच्या हातात सहा-कोर्स देऊन 'आधी फ्रान्चेस्को शिक' म्हणणं बरोबर नाही. पावान, गॅलियार्ड (हे त्या काळचे नाच), गाण्यांची साथ, सगळीकडे खालचा डी येतो. तो एक सप्तक वर वाजवून चालतं हे खरं, पण ज्या खर्जासाठी माणूस या संगीताकडे ओढला गेला तोच काढून घेतल्यासारखं होतं.

आठ-कोर्स घेतली की सातवा एफला, आठवा डीला लावता येतो, सहा-कोर्सचं सगळं वाजतंच, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक पटकन मिळतं. एकच वाद्य परवडणाऱ्या माणसाचं हेच उत्तर आहे.

रेणुका_बाझल

मुद्दा मान्य, पण मग सात का नको? सातवा कोर्स डीला लावायचा. एफ हवा असेल तेव्हा तिसऱ्या पडद्यावर दाबून मिळतो. तेरा तारा, दांडी अजून हातात मावते. इंग्रजी संगीताचा सुवर्णकाळ त्यात जवळजवळ पूर्ण येतो. आठ-कोर्स मला नेहमी तडजोडीची वाटते.

खुंटी_पिळा

सातवर माझी हरकत नाही. फक्त सेकंडहँडमध्ये सात-कोर्स कमी दिसतात, आठच जास्त. जे चांगलं मिळेल ते घ्यावं. चांगली आठ आणि बरी सहा यात चांगली आठ.

रेणुका_बाझल

यावर मात्र पूर्ण सहमत.

मिरजकर

हा धागा आमच्या गावच्या माणसाने काढलाय म्हटल्यावर राहवत नाही, सांगली-मिरज वेगळं थोडंच आहे! मी सतार वाजवतो, ल्यूट कधी हातात घेतलेली नाही. पण वाचताना सारखं आपलंच वाद्य दिसतंय. बांधलेले सरकते पडदे, लाकडी खुंट्या, हलकी तबली. दोन प्रश्न आहेत. पडदे बांधलेले असतील तर तुम्ही लोक ते रागाप्रमाणे, म्हणजे तुमच्या रचनेप्रमाणे सरकवता का? आणि मिरजेचे सतारमेकर हे वाद्य करू शकतील का? आता तर मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालंय.

खुंटीबद्दल एक सांगतो. घसरत असेल तर कोरडा खडू, अडकत असेल तर किंचित कोरडा साबण. फिरवताना आत दाबत फिरवायची. लाकूड लाकूडच आहे, तिकडेही हेच चालत असणार.

तंतुमय

मिरजकर, खडू-साबण तिकडेही तसाच चालतो, अगदी तसाच.

पडदे सरकवतो, आणि ल्यूटची ती फार मोठी श्रीमंती आहे. ल्यूटचे पडदे आतड्याच्या तारेचे, दांडीभोवती गाठ मारून घट्ट बसवलेले. दांडीवर साधारण आठ, पुढचे तबलीवर चिकटवलेले लाकडी. नटपाशी जाड, पुढे पुढे बारीक. बारा समान भागांच्या स्वरांनी काम भागतं, पण त्या काळच्या संगीतात शुद्ध गंधाराला फार मान होता, म्हणून बरेच वादक मीनटोनकडे, म्हणजे गंधार शुद्ध ठेवणाऱ्या जुन्या स्वरजुळणीकडे, झुकणारी जुळवणी करतात. पेच असा पडतो की पहिला पडदा चौथ्या कोर्सवर एफ शार्प देतो आणि तिसऱ्यावर बी फ्लॅट. मीनटोनमध्ये एफपासून एफ शार्पचं अंतर लहान आणि ए पासून बी फ्लॅटचं मोठं. पडदा मात्र एकच. म्हणून काही जण त्याच्या शेजारी एका-दोन कोर्सपुरता छोटा जादा पडदा चिकटवतात, त्याला तास्तीनो म्हणतात. सतारवाला कोमल-तीव्रासाठी पडदा सरकवतो तेव्हा त्याच्या कानाला जे हवं असतं, तेच इथेही हवं असतं.

मिरजेबद्दल: हात नक्कीच आहे, पण काम वेगळं आहे. सतारीत भोपळा निसर्ग देतो. ल्यूटची पाठ मात्र साच्यावर नऊ, अकरा, तेरा पातळ फाका वाकवून, कडेला कड जोडून करतात. येव, मॅपल, अॅश, चेरी अशी लाकडं, आणि तबलीला स्प्रूस, त्याचा रेषा सरळ असलेला तुकडा. जाळी त्याच तबलीत कोरलेली असते, वेगळी करून बसवलेली नाही. हीसुद्धा चांगलं वाद्य ओळखायची एक खूण आहे. कोणी मिरजकर कारागीर चांगला नकाशा घेऊन बसला तर मी स्वतः पहिली ऑर्डर देईन, पण स्प्रूस आणि साचा लागेलच.

मिरजकर

नकाशे मिळतात?

तंतुमय

मिळतात. संग्रहालयांतल्या मूळ वाद्यांची मोजमापं घेऊन काढलेले नकाशे आहेत, आजचे बहुतेक कारागीर त्यांवरूनच काम करतात. बोलोन्यात लाउक्स मालर आणि हान्स फ्राय, पादोव्हात वेंडेलिन वेनेरे, इन्सब्रुकमध्ये गेओर्ग गेर्ले. ही नावं कारागिरांच्या यादीत सतत दिसतील: 'गेर्लेवरून सहा-कोर्स', 'वेनेरेवरून आठ-कोर्स'. गेर्लेचं हस्तिदंती पाठीचं मूळ वाद्य व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. मजा म्हणजे यातले बरेच जण इटलीत काम करणारे जर्मन. बव्हेरियातलं फ्युसेन हे त्यांचं मूळ गाव म्हणायला हरकत नाही, तिथे १५६२ मध्येच ल्यूट करणाऱ्यांचा संघ होता.

सप्तक, कारागिराशी बोलाल तेव्हा 'कोणत्या मूळ वाद्यावरून' हे जरूर विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

ओवी_पुणे

उशीर झाला, पण आता नीट लिहिते. माझी ल्यूट पुण्यात आहे, म्हणजे एप्रिलच्या कोरड्या दुपारी आणि जुलैच्या ओलसर रात्री दोन्ही तिने सोसल्यात.

ल्यूट सरसाने जोडलेली असते, प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या. तो मुद्दाम वापरतात, कारण दुरुस्तीसाठी सांधा उघडता येतो. पण उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की तो ढिला पडतो. बंद गाडीत मे महिन्यात ल्यूट ठेवली तर घोडी तबलीवरून उचकटू शकते. घोडी नुसती चिकटवलेली असते, सगळ्या तारांचा ताण त्या एका सांध्यावर. माझ्याकडे खोलीत आर्द्रतामापक आहे आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये राहील एवढं बघते. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल, उन्हाळ्यात ओलावा देणारी नळी. मुंबईच्या मैत्रिणीकडे एसीच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत नेली तरी पाच मिनिटांत सगळं बेसूर होतं. तिथे एकच खोली ठरवा आणि वाद्य तिथेच ठेवा.

सप्तक, इंग्लंडात तुमची अडचण उलटी असेल. हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की घर भयंकर कोरडं पडतं आणि तबलीला चीर जाते. थॉमस मेसने १६७६ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात सल्ला दिलाय की दिवसा ल्यूट अंथरुणात, पांघरुणाखाली ठेवावी. लोक हे गंमत म्हणून सांगतात, पण मला त्यात वाद्यावर जिवापाड प्रेम करणारा माणूस दिसतो. त्या काळच्या थंड ओलसर घरात बिछाना हीच काय ती कोरडी जागा.

तारांचं माझं मत: भारतात असाल तर आतड्याच्या तारांचा हट्ट नको. आवाज अप्रतिम, पण पावसाळ्यात पहिली तार टिकत नाही आणि दर वेळी परदेशातून मागवायची. इटलीच्या आक्विलाच्या नायलगट तारा मी वापरते. घनता आतड्याच्या जवळपास असल्यामुळे जाडी आणि स्पर्श तसाच वाटतो.

सप्तक_लीड्स

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! लाउटेनगिटार आणि सातशेवाली दोन्ही डोक्यातून काढून टाकल्या.

आता पुढचे प्रश्न. जाहिरातीत तारेची लांबी ५८, ६०, ६३, ६७ सेंमी अशी काहीही दिसते. गिटारच्या ६५ ची सवय आहे, मग ६३-६७ बरी नाही का? आणि नखं कापावी लागतील का? हा प्रश्न विचारताना जीव खाली-वर होतोय.

खुंटी_पिळा

लांबीवर मी लिहितो, कारण यात सवयीपेक्षा पदार्थविज्ञान महत्त्वाचं आहे.

तार किती वर चढवता येईल ते तिच्या जाडीवर अवलंबून नसतं. जाड तारेला ताण जास्त लागतो, पण ती सोसतेही जास्त. मर्यादा ठरते लांबी आणि स्वराची कंपनसंख्या यांच्या गुणाकाराने. ए ४४० (आजची प्रमाण पट्टी) धरून जी ल्यूटची पहिली तार ३९२ हर्ट्झला लागते. ६० सेंमीला ०.६ गुणिले ३९२ म्हणजे साधारण २३५. आतड्याची तार तिथवर नीट जगते. ६७ सेंमीवर तोच स्वर मागितलात तर २६३ होतात, तार तुटणारच. म्हणून लांब ल्यूट खाली, एफ शार्प किंवा एफला लावतात, किंवा जी ठेवून ए ४१५ च्या, म्हणजे अर्धा स्वर खालच्या, पट्टीत वाजवतात. थॉमस रॉबिन्सन १६०३ मध्ये शिकणाऱ्याला हेच सांगतो की पहिली तार तुटणार नाही इतपत वर चढव आणि बाकीच्या तिच्यावरून लाव. सिंथेटिक तारांमध्ये थोडी जास्त मोकळीक मिळते, पण तत्त्व तेच.

त्यामुळे इतरांबरोबर आजच्या पट्टीत वाजवायचं असेल तर ५८ ते ६० सेंमी, जी ट्यूनिंग. डाउलंडच्या काही जागा डाव्या हाताला इतक्या ताणतात की ६७ वर तुम्ही रडाल. गिटारवाल्या बोटांनाही ६० वर त्या आवाक्यात येतात.

एक आणखी विचारून घ्या: खालच्या जोड्या सप्तकात आहेत की एकाच स्वरात? धातू गुंडाळलेल्या तारा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. त्याआधी खर्जाची तार नुसत्या जाड आतड्याची, आवाज मिणमिणता, म्हणून जोडीला वरच्या सप्तकाची बारीक तार घालत. डाउलंडला हे पटत नव्हतं, १६१० च्या पुस्तकात त्याने तसं लिहिलंय. मला मात्र चौथ्यापासून खाली सप्तक जोड्या आवडतात. त्याने मधल्या सुरावटी उजळतात.

रेणुका_बाझल

नखं कापा. काही नामवंत वादक नखं ठेवून वाजवतात, पण जोडीच्या दोन्ही तारा एकाच वेळी, एकाच दाबाने बोलायला हव्या असतील तर बोटाचं मांसच हवं. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या आत, तळहाताकडे जातो आणि हात जवळजवळ तारांना समांतर येतो. गिटारच्या अगदी उलट. सुरुवातीला सगळं परकं वाटेल. म्हणून निदान थोडे दिवस कोणाकडे तरी शिका, ऑनलाइन चालेल.

आणि आता माझा खरा सल्ला. दीड वर्ष थांबायचंच आहे तर तोवर भाड्याने घ्या. तुम्ही राहता त्या इंग्लंडातच ल्यूट सोसायटी आहे, १९५६ पासूनची, ती सभासदांना ल्यूट भाड्याने देते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी: तिकडच्या ल्यूट सोसायटीचीही (१९६६) अशी योजना आहे. भाड्याचं वाद्य अनुभवी लोकांनी पारखलेलं असतं. ते वाजवताना तुम्हालाच कळेल की दांडी रुंद वाटते का, ६० लांब वाटते का, आठवा कोर्स खरंच वापरला जातो का. मग कारागिराला नेमकं सांगता येईल. सभासदांच्या जुन्या ल्यूट विक्रीला निघतात त्याही तिथेच कळतात, आणि दोन हजारात खरी, हाताने केलेली ल्यूट मिळण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त.

गवतीचहा

फक्त वाचक आहे. जुनी ल्यूट प्रत्यक्ष बघायला गेलं तर काय बघायचं? कोणी लिहा ना, माझ्या मुलीलाही हे खूळ लागलंय.

तंतुमय

खूळ फार चांगलं लागलंय तिला!

सगळ्यात आधी दांडी. नटपासून तबलीपर्यंत तार आणि दांडी यांच्यातली फट डोळ्याने बघा, मग आठव्या पडद्यापाशी मोजा. ल्यूटच्या दांडीत गिटारसारखी लोखंडी सळई नसते. दांडी वर उचलली गेली असेल तर दुरुस्ती मोठी आणि महाग. उंची किंचितच जास्त असेल तर पडद्यांची जाडी बदलून भागतं.

मग घोडी. तिच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. आत गेला तर सांधा सुटतोय. घोडीच्या पुढे तबली थोडी खोलगट आणि मागे थोडी फुगीर दिसेल, तेवढ्याने घाबरू नका, वयाबरोबर तसं होतं. तबलीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत फिरा. कुठे खरखर आली तर आतली पट्टी सुटलेली आहे. ते काम चांगल्या कारागिराला अवघड नसतं, पण किमतीत घासाघीस करा. चिरा नीट भरलेल्या असतील तर चालतील. पाठीच्या फाकांचे सांधे उजेडाकडे धरून बघा.

खुंट्या सगळ्या फिरवून बघा, एकही न सोडता. शेवटी प्रत्येक कोर्स प्रत्येक पडद्यावर वाजवा. कुठे तार खरखरली तर बहुधा पडदा झिजलाय, तो पाच मिनिटांत बदलता येतो, त्यासाठी वाद्य नाकारू नका.

आणि स्वतःला वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्याला बरोबर न्या. समोर तीन-चार हात दूर बसून ऐका. ल्यूटचा आवाज लहान असतो, पण तो खोलीत पोचतो की वाजवणाऱ्याच्या मांडीवरच राहतो, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही.

ओवी_पुणे

भारतात आणणाऱ्यांसाठी भर घालते. खरेदीची पावती आणि लाकडाची माहिती कारागिराकडून लेखी घ्या. येव, मॅपल, चेरी असेल तर काळजी नाही. रोझवूड शक्यतो टाळा. दुर्मीळ लाकडांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांतून (CITES) तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली तरी ब्राझिलियन रोझवूड त्यात येत नाही, आणि विमानतळावर लाकूड कोणतं यावर वाद घालण्याइतकी ताकद कोणाकडे नसते. जुन्या वाद्यात हस्तिदंत असेल तर परवान्याशिवाय सीमा ओलांडायचा विचारही नको. केस कडक हवी, आणि वाद्य केबिनमध्येच न्यायचं. आधी विमान कंपनीकडून लेखी होकार घ्या.

सप्तक_लीड्स

ठरलं. सोसायटीचा सभासद झालो आणि भाड्याच्या यादीत नाव लावलंय. ६० सेंमीची आठ-कोर्स येत्या महिन्यात मिळेल असं कळवलंय. कारागिराच्या रांगेतही नाव दिलंय, पण सात की आठ हे अजून सांगितलेलं नाही, ते वाजवून ठरवेन. उजव्या हाताची नखं काल कापली.

रेणुकाताई, नॉयझिडलरची पुस्तकं जर्मन टॅब्लेचरमध्ये आहेत ना? ते वाचायला शिकावं लागेल?

रेणुका_बाझल

आत्ता नाही. फ्रेंच टॅब्लेचरमध्ये उतरवलेल्या आवृत्त्या सहज मिळतात, त्या घ्या. डाउलंडमुळे फ्रेंच अक्षरं तुम्हाला येतातच. इटालियन मात्र लवकर शिका. त्यात आकडे असतात आणि रेषा उलट्या, सगळ्यात खालची रेषा म्हणजे पहिला कोर्स. काही दिवसांत डोळा बसतो, आणि मग फ्रान्चेस्को मूळ छापील पानावरून वाजवता येतो.

मिरजकर

सप्तकराव, अभिनंदन! वाद्य आलं की पडद्यांचे फोटो टाका, गाठीसकट. इथे एका सतारमेकरांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचा प्रश्न आहे की पहिला पडदा नटपासून किती अंतरावर बांधतात, काही हिशेब आहे की कानाने?

तंतुमय

दोन्ही. हिशेब विन्चेन्झो गालिलेईने १५८१ मध्ये दिलाय. गॅलिलिओचे वडील, स्वतः ल्यूटवादक. तारेच्या लांबीचा अठरावा भाग घ्यायचा आणि तिथे पहिला पडदा. ६० सेंमीला ३.३३ सेंमी. उरलेल्या लांबीचा पुन्हा अठरावा भाग, म्हणजे आणखी ३.१५ सेंमीवर दुसरा. असंच पुढे. बारा वेळा केलं तर सप्तक किंचित कमी पडतं, पण दाबताना तार थोडी ताणली जाऊन स्वर चढतो, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच जुळून येतं. मीनटोन हवा असेल तर इथून पुढे कानाने सरकवायचं. त्यांना सांगा, नकाशाची प्रत हवी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गेर्लेची सहा-कोर्स करून बघायला सगळ्यात चांगली.